आईचा एक चांगला फोटो आहे का तुमच्याकडे?

पुढे वाचण्याआधी एक काम करा. फोन उघडा आणि आईचा एक चांगला फोटो शोधा. चांगला म्हणजे तिचा एकटीचा, चेहरा स्पष्ट दिसणारा. लग्नाच्या गर्दीतला नको. कुणाच्या खांद्याआडून डोकावणारा नको. मग वडिलांचा शोधा. आजी-आजोबा असतील तर त्यांचाही शोधा.

बहुतेक घरांत तो सापडत नाही. फोनमध्ये फोटो हजारोंनी असतात. सकाळच्या शुभेच्छांचे असतात, हॉटेलातल्या थाळीचे असतात, सूर्यास्ताचे तर किती तरी असतात. पण ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं, त्याचा मोठा करून भिंतीवर लावावा असा एक फोटो नसतो.

मग नको ती वेळ येते. कुणीतरी बारशाच्या फोटोतून चेहरा कापतो आणि स्टुडिओत देतो. मोठा केल्यावर तो पुसट होतो. पुढे कित्येक वर्षं घरात तोच पुसट चेहरा टांगलेला राहतो. नातवंडांना आजी तेवढीच ठाऊक होते.

हे टाळणं तुमच्या हातात आहे. महागडा कॅमेरा नको, क्लास नको. तुमच्या खिशातला फोन पुरेसा आहे. थोडी समज हवी आणि एक निवांत सकाळ हवी.

सुरुवात लेन्स पुसण्यापासून करा. फोन दिवसभर खिशात, हातात, ओट्यावर फिरतो. लेन्सवर बोटांचं तेल बसतं. त्यामुळे फोटो धुरकट येतो, दिव्याभोवती पसरट रेघा येतात. लोक म्हणतात कॅमेरा बिघडला. जुन्या मऊ सुती कापडाने हलक्या हाताने पुसा. चष्म्याचं कापड असेल तर फारच छान. प्रत्येक वेळी पुसा.

आता उजेडाकडे वळू. फोटो चांगला की वाईट, ते बहुतांशी उजेडावर ठरतं. बाकी सगळं त्याच्यामागून येतं. म्हणून इथे जरा थांबून वाचा.

घरातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे खिडकी. थेट ऊन येणारी नको, नुसता उजेड येणारी हवी. आईला खिडकीपासून तीन-चार फुटांवर खुर्चीत बसवा. खिडकी तिच्या एका बाजूला यावी. तिची पाठ खिडकीकडे होऊ देऊ नका. पाठीमागून उजेड आला की चेहरा काळवंडतो आणि मागचं आभाळ पांढरं फटक दिसतं. घराघरांत ही चूक सर्रास होते.

ट्यूबलाइट बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड यांचे रंग वेगळे असतात. दोन्ही एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या रंगाची दिसते.

खिडकीकडचा गाल उजळ आणि पलीकडचा गाल अंधारात, असं झालं तर त्या पलीकडच्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर धरून उभं करा. पांढरा पंचा चालेल, थर्माकोलचा तुकडाही चालेल. त्यावर आपटून उजेड चेहऱ्यावर परततो आणि सावली मऊ होते. स्टुडिओत याच कामासाठी महागडं सामान वापरतात.

ज्यांच्या घराला पडवी किंवा ओसरी आहे त्यांनी तर आत जाऊच नये. वर छप्पर, समोर उघडं अंगण. असा उजेड शहरातल्या स्टुडिओवाल्याला पैसे मोजून तयार करावा लागतो. चाळीत गॅलरी आहे. फ्लॅटमध्ये बाल्कनीचं दार आहे. दाराच्या आत दोन पावलं बसवा आणि तोंड बाहेरच्या बाजूला करा. बस, झालं.

बाहेर फोटो काढायचा असेल तर सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी साडेचारनंतर काढा. दुपारी बारा वाजता कुणालाही उन्हात उभं करू नका. आपला सगळा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला येतो. म्हणून वर्षातून दोनदा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि भरदुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मुंबईत हे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस घडतं. मेचा काळ म्हणजे नेमका आपल्याकडच्या लग्नांचा. वरून येणाऱ्या त्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो, नाकाची सावली ओठांवर पडते. नवरा-नवरीसुद्धा थकलेले दिसतात. मुहूर्त दुपारचा असेल तर इलाज नाही. पण फोटोसाठी सगळ्यांना झाडाखाली किंवा मांडवात तरी घ्या. झाडाखाली पानांतून पडलेले उन्हाचे कवडसे मात्र चेहऱ्यावर येऊ देऊ नका.

ढगाळ दिवस लोकांना आवडत नाही. फोटोला तो फार चांगला. सगळीकडे सारखा, मऊ उजेड असतो. पावसाळ्यात दोन सरींमध्ये उघडीप मिळाली की आजोबांना अंगणात आणा.

आता तुम्ही कुठे उभे राहता ते पाहा.

फोनची नेहमीची लेन्स फार रुंद पाहते. अगदी जवळ जाऊन चेहऱ्याचा फोटो काढला की नाक मोठं दिसतं आणि कान मागे गेल्यासारखे वाटतात. सेल्फीत आपण आपल्यालाच आवडत नाही, त्याचं एक कारण हेच आहे. चेहरा बिघडलेला नसतो, अंतर चुकलेलं असतं. पाच-सहा फूट मागे सरा. फोनमध्ये दुप्पट मोठं दाखवणारं बटण असेल तर ते दाबा. बटण नसेल तर तसाच फोटो घ्या आणि नंतर कडा कापा. दोन बोटांनी पडदा ताणत ताणत मोठं करू नका. एका मर्यादेपलीकडे फोन फक्त आहे तेच फुगवून दाखवतो आणि फोटो फाटतो.

फोन समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. आजी खाली पाटावर बसली असेल तर तुम्हीही खाली बसा. लहान मुलाचा फोटो असेल तर गुडघे टेका. उभ्याने वरून फोटो काढला की मूल नुसतं डोकं होतं आणि म्हातारं माणूस केविलवाणं दिसतं. आपल्या माणसाला केविलवाणं दाखवू नका.

पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा. फोनला कळतं की महत्त्वाचं काय आहे. बोट लावल्यावर बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह किंवा एखादी पट्टी येते. ती सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. कमी करायला कचरू नका. पांढरी टोपी, पांढरं धोतर, पांढरी साडी यांची वीण दिसेनाशी झाली की समजा उजेड जास्त झालाय. थोडा कमी करा. किंचित अंधारलेला फोटो नंतर उजळता येतो. जळालेल्या पांढऱ्यातून मात्र काही परत येत नाही.

चेहरा गुळगुळीत करणारी ब्युटीची सोय बंद करा. कित्येक फोनमध्ये ती आपोआप चालू असते. ती सुरकुत्या पुसते, सावळा रंग उजळ करते, हनुवटी निमुळती करते. आईच्या कपाळावरच्या आठ्या तिच्या आहेत. बाबांचा उन्हाने रापलेला रंग त्यांचा आहे. तो फोनला बदलू देऊ नका. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. मुलांना आपल्या माणसांचा खरा रंग आवडायला हवा, आणि तो त्यांना घरच्या फोटोतच आधी दिसतो.

मागे काय आहे तेही बघा. डोक्यातून उगवलेला खांब, दोरीवरचे कपडे, लोंबकळणारी वायर, दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. दोन पावलं डावीकडे सरलात की यातलं बरंच निघून जातं. पण सगळंच साफ करू नका. शिवणयंत्र, देव्हारा, फळीवरचे पितळी डबे, बाबांचा रेडिओ, हे मागे राहू द्या. कोरी भिंत कुठल्याही घराची असू शकते. पितळी डबे तुमच्या घरचे आहेत.

इतकी तयारी झाली की माणसाकडे वळा. आपल्याकडे थोरली माणसं कॅमेऱ्यासमोर ताठ होतात. हात मांडीवर, ओठ मिटलेले, श्वास रोखलेला. त्यांना हसायला सांगू नका. सांगून आलेलं हसू डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. त्याऐवजी काहीतरी विचारा. आजी, तुझ्या माहेरच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असायचं का? बाबा, तुमचा पहिला पगार किती होता आणि त्याचं काय केलंत? उत्तर देताना चेहरा सैल होतो. तेव्हा बटण दाबा. बोलताना ओठ वेडेवाकडे दिसतात, म्हणून वाक्य संपल्यावर जो एक क्षण मिळतो तो पकडा.

हाताला काम द्या. वाती वळताना, तांदूळ निवडताना, पेपर वाचताना, पान लावताना माणूस स्वतःसारखं दिसतं. हातांचाही एक वेगळा फोटो घ्या. भाकरी थापणारे हात, बांगड्यांसकट. पुढे कधी हा फोटो चेहऱ्याच्या फोटोइतकाच जपला जाईल.

चष्म्यात खिडकी चमकत असेल तर चष्मा काढायला लावू नका. रोज चष्मा लावणाऱ्या माणसाचे डोळे चष्म्याशिवाय परके वाटतात. मान थोडी वळवायला सांगा, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. चमक निघून जाते.

आणि घाई करू नका. पन्नास वर्षांपूर्वी कित्येक घरांत आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा असायचा. एका रोलमध्ये १२ फोटो. लोक आधी पाहायचे, ठरवायचे, मग दाबायचे. आज आपण आधी दाबतो आणि नंतर पाहतही नाही. तुम्ही हवे तेवढे फोटो काढा, पण त्याच संध्याकाळी बसून निवडा. सारखे दिसणारे वीस असतील तर दोन ठेवा. उरलेले काढून टाका. नाहीतर चांगला फोटो तुमच्याच गर्दीत हरवतो.

आता सणासुदीचं थोडं सांगतो.

गणपतीचे फोटो लोक आरतीच्या वेळी काढतात. तेव्हा रोषणाई झगमगत असते, धूर असतो, सगळ्यांचे हात मध्ये असतात. मूर्तीचा फोटो सकाळी काढा. माळा बंद करा, खिडकी उघडा, मूर्तीच्या चेहऱ्याला बोट लावा. आरतीच्या वेळी मूर्तीऐवजी माणसांचे फोटो घ्या. निरांजनाच्या उजेडातले चेहरे बघा. फ्लॅश मात्र बंद हवा. फोनचा फ्लॅश काही फुटांपलीकडे पोहोचत नाही आणि जवळच्यांचे चेहरे चुन्यासारखे करतो. अंधारात फोन फोटो घ्यायला जास्त वेळ लावतो, म्हणून हात हलता कामा नये. कोपर छातीशी घट्ट दाबा, पाठ भिंतीला टेका.

स्वस्त एलईडी माळांखाली कधी फोटोत किंवा व्हिडिओत आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. फोनच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडायची सोय असेल तर ती निवडा. नसेल तर खोलीतला दुसरा दिवा लावा.

सगळ्या कुटुंबाचा फोटो काढताना थोरल्यांना मध्ये खुर्च्यांवर बसवा. चौकटीच्या अगदी टोकाला कुणी नको, तिथली माणसं रुंद दिसतात. एकामागून एक पाच-सहा फोटो घ्या. एकात कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच.

एक विनंती हात जोडून करतो. फोटोसाठी जीव धोक्यात घालू नका. पावसाळ्यात लोणावळ्याचा भुशी डॅम असो, कोकणातला खडक असो की गडाचा कडा, ओल्या दगडावर पाय ठरत नाही. फोन डोळ्यांसमोर असला की पायाखालचं दिसत नाही. आधी नीट उभे राहा, मग फोन काढा. फोटो काढत काढत मागे सरकू नका. मुलांना पुढे जाऊन उभं राहायला सांगू नका.

मुलांचे फोटो सगळ्या जगाला दाखवतानाही सांभाळा. शाळेचं नाव असलेला गणवेश, घराचा पत्ता, अंघोळीचे फोटो, हे घरातच ठेवा. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो पाठवण्याआधी त्याच्या आईवडिलांना विचारा. वारीत, बाजारात, शेतावर अनोळखी माणसाचा फोटो काढायचा असेल तर आधी राम राम करा. नाही म्हणाले तर फोन खिशात ठेवा.

फोटो काढून झाला म्हणजे काम संपलं असं नाही. तो टिकवायला हवा. खरी हानी इथेच होते.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो. पडद्यावर बरा दिसतो, पण छापायला गेलात की पुसट येतो. ८ बाय १२ इंचांच्या चांगल्या छपाईसाठी साधारण २४०० बाय ३६०० ठिपके लागतात. चांगला फोटो पाठवायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. समोरच्यालाही तसाच पाठवायला सांगा. लग्नात भावाच्या फोनवर आईचा सुंदर फोटो आला असेल तर त्याच आठवड्यात मूळ फोटो मागून घ्या. पुढे त्याचा फोन बदलतो आणि फोटो जातो.

फोन हरवतो, पाण्यात पडतो, बंद पडतो. म्हणून फोटो एकाच जागी ठेवू नका. एक प्रत फोनमध्ये, एक संगणकात किंवा पेनड्राइव्हमध्ये, आणि एक दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा मुलीकडे. इंटरनेटवर ठेवत असाल तर जागेवर लक्ष ठेवा. गूगलवरची फोटोंची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मोफत १५ जीबी मिळतात आणि त्यातच तुमचे ईमेलही येतात. ती जागा भरली की नवे फोटो तिथे जाणं थांबतं. घरात कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

निवडलेले फोटो छापून घ्या. फार नाही, वर्षाला वीस-पंचवीस. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नावं, गाव आणि वर्ष लिहा. बॉलपेनने लिहू नका. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाईही उतरते. फ्रेम थेट उन्हाच्या भिंतीवर टांगू नका, रंग उडतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात ओलीने फोटोंवर बुरशी येते. अल्बम लोखंडी कपाटाच्या तळाशी दाबून ठेवू नका. कोरड्या दिवशी बाहेर काढा, सावलीत वारा लागू द्या.

घरातले जुने फोटोही याच उजेडात उतरवून घ्या. फोटो खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेवा. फोन त्याच्या बरोबर वर, आडवा आणि समांतर धरा. फ्लॅश नको. काच सहज निघत असेल तर काढा. काचेला चिकटलेला फोटो मात्र ओढू नका, वरचा थर निघून येतो. तो काचेसकटच उतरवा. आणि हे करताना आजीला शेजारी बसवा. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हे आज तिलाच ठाऊक आहे. ती सांगेल तसं लिहून घ्या.

शेवटचं सांगणं तुमच्यासाठी. घरात जो सगळ्यांचे फोटो काढतो, तो कुठल्याच फोटोत नसतो. बहुतेक वेळा ती घरातली आई असते किंवा थोरली मुलगी असते. तुम्ही तसे असाल तर येत्या रविवारी खिडकीजवळ खुर्ची ठेवा, तिच्यात स्वतः बसा आणि फोन मुलाच्या हातात द्या. त्याला वरचं सगळं सांगा. लेन्स पुसायलाही सांगा. तुमचा फोटो तुमच्या मुलांना लागणार आहे. तो आत्ताच काढून घ्या.